तळ्याची पातळी अंदाजावर चालवताना: मानस कधी उघडायची, कधी धरून ठेवायची

गोव्यातल्या तळ्याच्या एकेका सेंटिमीटर पाण्याला दोन भाव असतात. जुलैत तो सेंटिमीटर बांधावरून खालच्या वाड्यात उतरायला बघतो, आणि फेब्रुवारीत वायंगणाच्या (हिवाळी भातशेतीच्या) शेवटच्या कुणग्याला (शेताच्या तुकड्याला) नेमका तोच कमी पडतो. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो, त्यातला अर्ध्याहून जास्त जून आणि जुलैतच. पाणी भरपूर आहे, पण ते हवं तेव्हा तळ्यात नसतं.

जुनी रीत ठरलेल्या तारखांची. पावसाळ्यात मानस, म्हणजे तळ्यातून पाणी सोडायची फळ्यांची किंवा दाराची वाट, मोकळी ठेवायची आणि पाऊस ओसरू लागला की फळ्या घालायच्या. सरासरी वर्षात ती चालते. सप्टेंबर कोरडा गेला की तळं अर्धवट राहतं, आणि भीतीपोटी लवकर फळ्या घातल्या तर एका रात्रीच्या पावसात बांधाला धोका. पावसाचा अंदाज, तळ्याची त्या क्षणाची पातळी आणि मानशीतून किती पाणी जाऊ शकतं याचा हिशेब, या तिन्हींवर दर काही तासांनी निर्णय घेतला तर या दोन्ही चुका टाळता येतात. हे काम कसं उभं करायचं ते इथे क्रमाने दिलं आहे. उदाहरणातलं तळं हिशेबासाठी धरलेलं आहे: पूर्ण भरल्यावर ४० हेक्टर पसारा, वरचं पाणलोट ४०० हेक्टर, सांडवा ६ मीटर रुंद, एक मीटर बाय एक मीटरची एक मानस. तुमच्या तळ्याचे आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करा.

आधी तळं मोजा

सेन्सर, मोटर, सॉफ्टवेअर यांची खरेदी सगळ्यात शेवटी. पहिली गरज एका तक्त्याची: पातळी इतकी असेल तर पसारा किती आणि साठा किती. मे महिन्यात तळं सर्वांत खाली असतं, तेव्हा उघड्या पडलेल्या भागाची लेव्हलिंगने मोजणी करा आणि उरलेल्या पाण्यात होडीतून काठीने किंवा सोनारने खोली घ्या. ४० हेक्टरच्या तळ्याला २५ मीटरच्या चौकटीत साधारण साडेसहाशे बिंदू होतात. दोन माणसांचं तीन-चार दिवसांचं काम आहे. ते टाळून नकाशावरच्या क्षेत्रफळाला अंदाजे खोलीने गुणलं, तर पुढचा प्रत्येक आकडा चुकतो. गाळ साचलेल्या जुन्या तळ्यांत ही चूक सहज २०-३० टक्क्यांची असते.

दर १० सेंटिमीटरला एक ओळ असा तक्ता करा. सगळ्या पातळ्या एकाच संदर्भाला बांधा. सांडव्याचा माथा म्हणजे शून्य धरणं सोयीचं, वर अधिक आणि खाली उणे. तोच शून्य समुद्रसपाटीच्या पातळीशीही जोडून ठेवा, कारण खाजनाकडे (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीकडे) सुटणाऱ्या मानशीला पुढे भरतीच्या पातळीशी तुलना लागते. सिमेंटच्या पक्क्या जागी खूण करा, बांधावर नको. मातीचा बांध दरवर्षी थोडा खचतो.

आपल्या तळ्याला भरलेलं असताना १ सेंटिमीटर म्हणजे ४,००० घनमीटर. सेकंदाला १ घनमीटर पाणी तासभर सोडलं तर ३,६०० घनमीटर जातात, म्हणजे पातळी साधारण ०.९ सेंटिमीटरने उतरते. हे दोन आकडे मानस सांभाळणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ हवेत.

मग बाहेर जाण्याच्या वाटा. सांडव्यावरून जाणारं पाणी = १.७ × रुंदी × (माथ्यावरची उंची) चा दीड घात. ६ मीटरच्या सांडव्यावर अर्धा मीटर पाणी चढलं की सेकंदाला सुमारे ३.६ घनमीटर वाहतात. मानशीचं दार पाण्याखाली असेल तर प्रवाह = ०.६ × उघडीचं क्षेत्रफळ × √(१९.६ × दाब-उंची); दाब-उंची म्हणजे उघडीच्या मध्यावर असलेल्या पाण्याची उंची. पूर्ण उघड्या दारावर १.२ मीटर दाब-उंचीला २.९ घनमीटर येतात. पण खालचा व्हाळ (ओढा) १.५ घनमीटरच वाहून नेत असेल आणि त्यापुढे शेतात पसरत असेल, तर तुमची खरी क्षमता १.५. दार किती मोठं आहे यापेक्षा व्हाळ किती घेतो हे आधी बघा. तो व्हाळ पहिल्याच मोठ्या सरीआधी साफ झाला पाहिजे, नाहीतर १.५ चे ०.८ कधी झाले ते कळतही नाही.

मोजमापाची साधनं आणि ती कशी फसवतात

पातळीसाठी तीन प्रकार मिळतात. अल्ट्रासोनिक स्वस्त असतं, पण आवाजाचा वेग तापमानागणिक बदलतो: दर अंशाला साधारण ०.१७ टक्के. सेन्सर पाण्यापासून ४ मीटर वर असेल आणि तापमानाची दुरुस्ती नीट होत नसेल, तर दुपार आणि पहाट यांतल्या १० अंशांच्या फरकाने ७ सेंटिमीटरची चूक येते. आपल्या तळ्यात ते २८,००० घनमीटर. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत सेन्सर बसवला तर याहूनही जास्त.

पाण्यात सोडायचा दाबाचा सेन्सर अचूक असतो, पण त्याला हवेचा दाब वजा करावा लागतो. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की वाचन जवळजवळ १ सेंटिमीटरने चुकतं, आणि नेमक्या कमी दाबाच्या पट्ट्याच्या दिवसांतच, म्हणजे आकडा सर्वांत महत्त्वाचा असतो तेव्हाच. म्हणून केबलमधून हवेची नळी आलेला सेन्सर घ्या आणि त्या नळीच्या तोंडाची सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) दर पंधरा दिवसांनी तपासा. आपल्या पावसाळी दमटपणात ती झपाट्याने रंग बदलते. तिने ओल शोषणं सोडलं की नळीत पाण्याचा थेंब अडकतो आणि वाचन हळूहळू सरकत जातं. असं सरकणं अचानक उडीपेक्षा वाईट, कारण लक्षात येत नाही. मानशीच्या बाहेर, खाऱ्या बाजूला, दाबाचा सेन्सर लावलात तर पाण्याची घनताही बदलते: गोड्या पाण्याच्या हिशेबाने वाचलेल्या २ मीटरला समुद्राच्या खारेपणात ५ सेंटिमीटर जास्त दिसतात, आणि पावसाळ्यात ओहोटीला तेच पाणी गोडं असतं. तिथे रडार लावावं.

रडार सेन्सर सध्या सर्वांत कमी त्रासाचा. तापमानाचा त्याच्यावर फरक पडत नाही. त्याच्याखाली कमळाची पानं, साल्व्हिनिया किंवा जलपर्णी येऊ देऊ नका, कारण तो पानालाच पाणी समजतो. १५० मिमीच्या पाइपचं शांत नळकांडं उभं करून त्याला खालच्या भागात १० मिमीची भोकं पाडली तर लाटाही जातात आणि पानंही. मात्र भोकं गाळाने बुजली की आतली पातळी तासभर मागे राहते, तेव्हा ती आठवड्याला साफ करायची. कुठलाही सेन्सर लावा, शेजारी रंगवलेली साधी मापपट्टी हवीच. रोज सकाळी ८:३० ला पट्टी वाचून नोंदवा. फरक २ सेंटिमीटरच्या पुढे गेला की यंत्रावर विश्वास ठेवणं थांबवा.

८:३० ची वेळ मुद्दाम. भारतीय हवामान खात्याचा २४ तासांचा पाऊस ८:३० ते ८:३० असा मोजला जातो. तुमची नोंद त्याच वेळेची असली तर तुलना सोपी होते.

पर्जन्यमापक पाणलोटात हवा, बांधावर नको. वरच्या डोंगरकडेला आणि तळ्याकाठी एकाच दिवशी दुपटीचा फरक पडू शकतो. लहान बादली उलटणारा मापक मोठ्या सरीत कमी मोजतो, कारण बादली उलटेपर्यंत येणारं पाणी हिशेबाबाहेर जातं. नरसाळ्यात पान, कुंभारीण माशीचं घर, कोळ्याचं जाळं या नेहमीच्या गोष्टी. म्हणून शेजारी साधा हातमोजणीचा मापक ठेवा आणि महिन्याच्या बेरजा पडताळा.

विजेचा हिशेब जुलैच्या आभाळावर करायचा. नोंदयंत्र आणि मोडेम मिळून सरासरी अर्धा वॅट घेत असतील तर दिवसाला १२ वॅट-तास. पाच दिवस ऊन नाही असं धरलं तर ६०. शिशाच्या बॅटरीची निम्मीच क्षमता वापरायची, म्हणजे १२ व्होल्ट १० अँपिअर-तास कमीत कमी, १२ घ्या. पॅनेल २० वॅटचं. गावात वीज गेली की काही वेळाने मोबाइल टॉवरही बसतो, म्हणून निर्णय घेणारा हिशेब फक्त दूरच्या सर्व्हरवर ठेवू नका. मानशीजवळच्या यंत्रात निदान शेवटचा ठरलेला कार्यक्रम आणि एक साधा नियम असायला हवा: पातळी अमुकच्या वर गेली आणि संपर्क नसेल तर दार इतकं उघड.

दार

बहुतेक तळ्यांना लाकडी फळ्याच असतात आणि अंदाजावर चालवण्यासाठी त्या बदलायलाच हव्यात असं नाही. १.२ मीटर रुंद खाचेत १५ सेंटिमीटर उंचीच्या फळ्या असतील, तर पाणी वरच्या फळीच्या माथ्याशी असताना एक फळी काढल्यावर सेकंदाला ०.१२ घनमीटर जातात: दिवसाला जेमतेम अडीच सेंटिमीटर. दोन काढल्या तर ०.३४, तीन काढल्या तर ०.६२. पाणी उतरेल तसा प्रवाहही कमी होतो. फळ्या दुप्पट काढल्या की सुरुवातीचा प्रवाह जवळजवळ तिप्पट होतो, म्हणून ‘एक काढून बघू’ याने वेळ फुकट जातो. अंदाज आल्यावर एकदम तीन काढायच्या. काम दिवसा उजेडी, दोन माणसांनी, मुसळधार सुरू होण्याच्या आत. रात्री पाण्याखालची फळी ओढायला कुणाला पाठवायची वेळ आली, तर नियोजन आधीच चुकलेलं असतं.

स्क्रूच्या दाराला मोटर लावायची असेल तर ताकदीचा अंदाज असा: एक चौरस मीटरच्या दारावर मध्यापाशी १.२ मीटर पाणी म्हणजे सुमारे १,२०० किलोचा रेटा. घर्षण त्याच्या ०.३ ते ०.५ पट, म्हणजे ३६० ते ६०० किलो. त्यात दाराचं वजन धरा, तळाशी बसलेला गाळ धरा, आणि दीड टन उचलण्याची क्षमता घ्या. दोन्ही टोकांना मर्यादा-स्विच, अडकल्यास मोटर बंद करणारा टॉर्क-स्विच, आणि हाताने फिरवायचं चाक. चाक नसलेली मोटर नको. दार किती उघडं आहे ते मोटर किती सेकंद फिरली यावरून ठरवू नका, दारालाच स्थानमापक लावा. दाराखाली नारळाचं झाप किंवा ओंडका अडकला की मोटर ‘बंद’ सांगते आणि पाणी रात्रभर जात राहतं. म्हणून मानशीच्या खालच्या बाजूलाही एक पातळीमापक हवा.

सगळं बिघडलं, दार जिथे होतं तिथेच अडकलं आणि मोठा पाऊस आला, तरी सांडव्याने तळं वाचलं पाहिजे. बांधाचा माथा सांडव्याच्या १.२ मीटर वर असेल तर सांडव्यावर ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी कधीच चढू नये असं धरून हिशेब करा. ते जमत नसेल तर ऑटोमेशनचा पैसा आधी सांडवा रुंद करायला वापरा.

पावसाचं पाण्यात रूपांतर

येणारं पाणी = पाऊस × पाणलोट × वाहता वाटा, अधिक थेट तळ्यावर पडलेला पाऊस. आपली जांभ्याची जमीन जूनच्या सुरुवातीला भरपूर पाणी पिते. वाहता वाटा ०.१५ ते ०.२५ धरून सुरू करा. जुलैअखेरीस तीच जमीन तुडुंब असते, तेव्हा ०.५५ ते ०.७. फरक बघा. १०० मिमी पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात ०.२ ने ८०,००० घनमीटर देतो, थेट पाऊस ४०,०००, मिळून तळ्याची चढ ३० सेंटिमीटर. तोच पाऊस जुलैअखेर ०.६ ने २,४०,००० आणि ४०,०००, म्हणजे ७० सेंटिमीटर. एकच वाटा धरून वर्षभर चालवणं ही नव्याने काम सुरू करणाऱ्यांची सर्वांत नेहमीची चूक.

हे आकडे फक्त सुरुवातीला. पुढे तुमचं तळंच तुम्हाला आकडा देतं. समजा २४ तासांत ६० मिमी पडला, पातळी २२ सेंटिमीटर चढली आणि त्या काळात सरासरी ०.८ घनमीटर प्रति सेकंद सोडत होता. साठ्यात वाढ ८८,०००, सोडलेलं ६९,०००, बेरीज १,५७,०००. त्यातून थेट पडलेले २४,००० वजा केले तर पाणलोटातून आले १,३३,०००. पाणलोटावर पडला होता २,४०,०००. वाटा ०.५५. प्रत्येक मोठ्या सरीनंतर हा हिशेब करा आणि मागच्या दहा दिवसांच्या पावसासोबत लिहून ठेवा. एका पावसाळ्यात तुमचा स्वतःचा तक्ता तयार होतो, आणि तो कुठल्याही पुस्तकातल्या तक्त्यापेक्षा बरा असतो.

अंदाज कुठला आणि किती मानायचा

हवामान खात्याचा पिवळा-केशरी-लाल इशारा उत्तर गोवा किंवा दक्षिण गोवा अशा पूर्ण जिल्ह्यासाठी असतो. त्यांच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिजोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार. इशारा जागं होण्यासाठी वापरा. हिशेबात घालायला मिलिमीटरमधला अंदाज लागतो, तो संख्यात्मक मॉडेलांमधून मिळतो. शक्य असेल तर अनेक शक्यता देणाऱ्या समूह-अंदाजातून घ्या. पुढच्या दोन-तीन तासांसाठी गोव्याच्या डॉप्लर रडारचं चित्र आणि तात्कालिक इशारा. चार चौरस किलोमीटरच्या पाणलोटातून पाणी तळ्यात यायला तासा-दोन तासांहून जास्त लागत नाही, म्हणून रडारवर ढग दिसल्यावर तळं रिकामं करायला वेळ उरलेला नसतो. रडारचा उपयोग सोडणं थांबवायला: खालच्या व्हाळात आता स्वतःचंच पाणी येणार, तर तासभर दार लहान करा.

एकच आकडा कधीच धरू नका. तीन रेघा काढा: कमी, मधला, जास्त. सुरुवातीला अंदाजाच्या ०.३ पट, १ पट आणि १.७ पट चालेल. एक पावसाळा अंदाज आणि तुमच्या मापकातला पाऊस शेजारी-शेजारी लिहा, त्यांची गुणोत्तरं लहान ते मोठी लावा, आणि दहाव्या, पन्नासाव्या व नव्वदाव्या टक्क्यावरची घ्या. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या दिवसाच्या अंदाजांची वेगवेगळी. तिसऱ्या दिवसाच्या रेघा किती फाकतात ते पाहिलं की अंदाजावर किती भिस्त ठेवायची ते आपोआप ठरतं.

निर्णय कसा होतो

साध्या स्प्रेडशीटमध्ये सुरू करा. पुढचे ७२ तास, तीन-तीन तासांच्या २४ ओळी. प्रत्येक ओळीत: येणारं पाणी, दाराची उघडी, मानशीतून आणि सांडव्यावरून जाणारं, नवा साठा, नवी पातळी. नवा साठा = जुना + (येणारं − जाणारं) × १०,८०० सेकंद. तिन्ही पावसांसाठी तीन प्रती. मग दाराच्या उघडीचा क्रम असा शोधायचा की जास्तीच्या पावसात सर्वोच्च पातळी सुरक्षित रेषेखाली राहील, कमीच्या पावसात पातळी पाच दिवसांत पुन्हा लक्ष्यावर (पुढे दिलेल्या आधाररेषेवर) येईल, आणि व्हाळ कुठेही १.५ च्या वर जाणार नाही.

तिन्ही एकाच वेळी जमत नाहीत तेव्हा कशाला झुकतं माप द्यायचं ते वजनांनी ठरवा. बांधाच्या सुरक्षित रेषेच्या वर गेलेल्या प्रत्येक सेंटिमीटरला मोठा दंड, व्हाळ फुटण्याला त्याहून कमी, लक्ष्यापेक्षा कमी साठ्याला महिन्यागणिक वाढणारा दंड, आणि दार हलवण्यालाही छोटा दंड, नाहीतर यंत्र दर तासाला दार खालीवर करत बसतं आणि स्क्रू झिजतो. दंडाची बेरीज सर्वांत कमी येईल तो क्रम निवडायचा. त्यातला फक्त पहिला टप्पा अमलात आणा. तीन तासांनी नवी पातळी आणि नवा अंदाज घालून पूर्ण ७२ तास पुन्हा काढा. चुकीचा अंदाज त्यामुळे पुढच्याच फेरीत सुधारतो. आठवड्याचा कार्यक्रम एकदा ठरवून बसणाऱ्याला ती सोय नसते. स्प्रेडशीट अपुरी पडू लागली तर नेदरलँड्समधल्या डेल्टारेस संस्थेचं आरटीसी-टूल्स हे मुक्त सॉफ्टवेअर याच कामासाठी आहे. फळ्यांच्या मानशीला मात्र दिवसाला दोन निर्णय, सकाळी ९ आणि दुपारी ४, पुरे.

मातीच्या बांधाला एक मर्यादा आणखी: पातळी दिवसाला ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरवू नका. बांध आतून भिजलेला असतो, पाण्याचा आधार पटकन काढला की तळ्याकडच्या बाजूची माती घसरते. पूर टाळायच्या घाईत बांध घालवणं असं होतं.

भरती

मानस खाडीकडे किंवा खाजनात सुटत असेल तर दिवसाचे २४ तास तुमचे नसतात. मुरगावच्या बंदरात उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) भरती-ओहोटीतला फरक सुमारे २ मीटर असतो, भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला) त्याच्या निम्म्याच्या आसपास. बाहेरची पातळी आतल्यापेक्षा वर गेली की मानशीची दारं मिटतात, मिटली नाहीत तर खारं पाणी आत येतं. ढोबळ मानाने निम्मा वेळच पाणी सोडता येतं. १.५ घनमीटरने २४ तासांत ३२ सेंटिमीटर उतरले असते, ते १६ उतरतात. म्हणजे ‘उद्या मोठा पाऊस’ असं आज सकाळी कळलं तर हातात बारा तास आहेत असं समजा.

भरतीचं वेळापत्रक मुरगावचं असतं. जुवारी किंवा मांडवीत आत जाल तशी भरती उशिरा पोहोचते, आणि नदीला पूर असेल तर ओहोटी जेमतेम उतरते. तो उशीर तुमच्या मानशीबाहेरच्या मापकावर एक महिनाभर वाचून काढा. २३ जुलै २०२१ ला सत्तरी, डिचोली, फोंडा भागांत पूर आला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी गुरुपौर्णिमा होती, म्हणजे उधाणाचेच दिवस. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे तीन दिवस तळ्याची पातळी नेहमीपेक्षा १०-१५ सेंटिमीटर खाली ठेवणं हे अंदाज नसतानाही करण्यासारखं आहे.

सप्टेंबर: खरा फायदा इथे

अंदाज म्हटला की सगळ्यांना आधी पाणी सोडणं आठवतं. आमच्या मते त्याचं मोठं मोल पाणी धरून ठेवण्यात आहे, आणि ते एका साध्या हिशेबातून दिसतं. जास्तीची जी उंची तुम्ही धरू शकता ती = रोज उतरवता येणारी पातळी × अंदाज भरवशाचा असतो ते दिवस. जुलैत पाऊस थांबलेला असतानाही पाणलोटातून सेकंदाला ०.४ घनमीटर येतच असतात, म्हणजे दिवसाला जवळजवळ ९ सेंटिमीटर. भरती धरून रोज उतरवता येणाऱ्या १६ मधून ९ गेले, उरले ७. दोन दिवसांच्या भरवशावर १४ सेंटिमीटर. सप्टेंबरअखेर येणारं पाणी ०.१ वर आलेलं असतं, म्हणजे दिवसाला २ सेंटिमीटर. १६ वजा २ म्हणजे १४, दोन दिवसांत २८. तेच दार, तोच अंदाज, आणि दुप्पट उंची धरता येते, तीही पाणी सर्वांत मोलाचं असतं तेव्हा.

म्हणून एक आधाररेषा ठेवा: १५ जूनला सांडव्याच्या ६० सेंटिमीटर खाली, जुलैभर ४०, १५ ऑगस्टला ३०, १ सप्टेंबरला २०, १५ सप्टेंबरला १०, २५ सप्टेंबरला माथ्याशी. अंदाज कोरडा असेल तर जुलैत या रेषेच्या १४ सेंटिमीटर वर, सप्टेंबरात माथ्यापर्यंत धरा. जास्तीची रेघ सुरक्षित पातळी ओलांडू लागली की रेषेवर परत या. कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो तलावावर २०१९-२० च्या हिवाळ्यात हेच तत्त्व वापरलं. अंदाज कोरडा असताना पूरनियंत्रणासाठी रिकामी ठेवायची जागा पाण्याने भरू दिली आणि हिवाळ्याअखेर सुमारे १९ टक्के जास्त पाणी हाती राहिलं.

आपल्या तळ्यात २० सेंटिमीटरला काय किंमत आहे? सरासरी खोली १.८ मीटर धरली तर भरलेलं तळं ७.२ लाख घनमीटर. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च बाष्पीभवन दिवसाला ४ मिमी, झिरप २ मिमी, घटत्या पसाऱ्याची सरासरी ३२ हेक्टर: मिळून सुमारे ३.५ लाख जातात. २५ हेक्टर वायंगणाला हेक्टरी ११,००० घनमीटर, म्हणजे २.७५ लाख. उरतं एक लाखाच्या आत, म्हणजे तळाचं पाणी. माशांना, कमळाला, हिवाळ्यात उतरणाऱ्या अडयांना (रानबदकांना) आणि आजूबाजूच्या विहिरींना तेवढं लागतंच; त्याला हात लावायचा नाही. सप्टेंबरात २० सेंटिमीटर विनाकारण सोडले तर ८०,००० घनमीटर गेले. सात हेक्टर वायंगण.

पेरणीचं क्षेत्र १ नोव्हेंबरच्या पातळीवरून ठरवा. त्या दिवशीचा साठा, वजा बाष्पीभवन आणि झिरप, वजा तळाचं पाणी, भागिले ११,०००: इतकेच हेक्टर. ते शेतकऱ्यांना रोपं टाकण्याआधी सांगा. जानेवारीत पाणी तुटतं म्हणून सोडलेलं पीक हे नोव्हेंबरात न केलेल्या वजाबाकीचं फळ असतं. पुढे दर सोमवारी पट्टी वाचून ठरलेल्या उताराशी तुलना करा. ठरल्यापेक्षा ५ सेंटिमीटर जास्त उतरलं तर आधी मानशीची गळती तपासा, मग बांधातली खेकड्यांची बिळं, मग पाळ्या कमी करा.

माणसं

तळं कुठे कोमुनिदादीचं (गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचं), कुठे जलस्रोत खात्याचं, कुठे पंचायतीच्या देखरेखीखाली. अधिसूचित पाणथळ असेल तर पाणथळ प्राधिकरणाची परवानगीही लागते. कुडचड्याजवळच्या नंदा तळ्याला २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळाला. तिथे साठवलेल्या पाण्यावर खालची भातशेती चालते आणि मासेमारीही. अशा प्रत्येक तळ्यावर दार उघडण्यात वेगवेगळ्यांचं वेगवेगळं हित असतं. मासेमारीचा लिलाव घेतलेल्याला पाणी लवकर उतरलेलं हवं, वायंगणवाल्याला उशिरा, खालच्या वाड्याला जुलैत कोरडं. म्हणून वजनं, आधाररेषा आणि दाराची किल्ली कुणाकडे, हे तिन्ही मे महिन्यात बसून कागदावर ठरवा. लिलावाच्या करारातच लिहा की दार फक्त या कार्यक्रमाने हलेल. मध्यरात्री दार कुणी हलवलं हे स्थानमापकाच्या नोंदीतून कळतं, आणि ती नोंद सगळ्यांना बघता आली पाहिजे. पाणी सोडण्याआधी निदान एक तास व्हाळाकाठी सूचना: भोंगा आणि मोबाइल संदेश, दोन्ही.

पहिला पावसाळा यंत्राला दार हलवू देऊ नका. हिशेब दर तीन तासांनी चालू ठेवा, निर्णय छापा, पण हात माणसाचा. ऑक्टोबरात बघा: यंत्राचं ऐकलं असतं तर पातळी कुठे गेली असती, आणि माणसाने केलं त्याने कुठे गेली. जिथे दोघांत १० सेंटिमीटरहून जास्त फरक आहे ते प्रत्येक ठिकाण तपासा. बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक निघतं: वाहता वाटा जुना राहिला होता, व्हाळ तुंबला होता, किंवा भरतीचा उशीर चुकला होता. तीन दुरुस्त केले की दुसऱ्या जूनला मोटरची तार जोडायला हरकत नाही, चाक जागेवर ठेवून.